हमीची खूण

स्टेनोबाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, बोलणं राही. जिन्यात कुणी ओळखीचं हसलं की त्याही हसत आणि वाट बघत, की हा तोंड कधी उघडतो. तोंड उघडलं की काम झालं. हा 'थोडक्यात सांगायचं तर'वाला, पाऊण तास घेतो. ही 'माझं चुकत असेल तर'वाली, हिचं कधीच चुकत नाही, निदान तिच्या मते.

चोवीस वर्षं त्या सुनावणी कक्ष क्रमांक चारमध्ये बसत होत्या. कक्ष तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंत यायची आणि तिथे तिला वैराग्य यायचं. साहेबांच्या उंच टेबलाच्या पायथ्याशी बाईंचं बुटकं टेबल, त्यावर टोक काढलेल्या सहा पेन्सिली आणि वरून उलटायची वही. खुर्चीवर घरून आणलेली उशी. डोक्यावर एक ट्यूबलाइट, ती मधूनच डोळा मारायची. न्यायाधीश साहेबांकडे बघून नाही, बाईंकडेच बघून.

या कक्षात एकाच जातीची प्रकरणं यायची. कुठल्यातरी देशाने लिहिलेलं असायचं, आमचा माणूस तुमच्याकडे पळून आलाय, परत द्या. आणि तो माणूस पिंजऱ्यात उभा राहून म्हणायचा, पाठवू नका, तिथे मला मारतील. माणूस बदलायचा, देश बदलायचा. वरचं बोलणं तेच.

सरकारतर्फे येणाऱ्या वकिलांना सगळी इमारत 'महोदय' म्हणायची, कारण लोक श्वास घेतात तिथे ते हा शब्द घेत. "महोदय, करार म्हणजे करार, महोदय. आज आपण त्यांचा आरोपी दिला नाही, महोदय, तर उद्या आपले अकरा आरोपी तिकडे मजेत फिरताहेत महोदय, ते कोण देणार आपल्याला?" हे अकरा गेली नऊ वर्षं अकराच होते. एव्हाना त्यांतले एकदोन म्हातारपणाने गेले असतील असं बाईंना वाटायचं. पण त्यांना काय वाटतं हे लिहून घेण्यासाठी कुणी त्यांना नेमलेलं नव्हतं.

पलीकडून वकीलबाई. त्यांचं सगळं मुळापासून. "मुळात, साहेब, आसरा मागणं हा गुन्हा नाही. मुळात, जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलायचं नाही, हे जगाने मान्य केलंय. मुळात—"

"पोचलो मुळाशी. आता वर या," साहेब म्हणत.

साहेबांचंही ठरलेलं वाक्य होतं. दोन्हीकडचं ऐकून झालं की ते चष्मा काढत, डोळे चोळत आणि म्हणत, "दोघांचंही बरोबर आहे, हीच तर पंचाईत आहे."

पूर्वी बाई हे सगळं घरी करून दाखवायच्या. नवरा कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे आणि मागच्या खोलीत हा त्यांवर गुलाबी हिरड्या चढवत बसायचा. "अगं, चांगली जोडी जमली आपली," तो म्हणायचा. "तू लोकांचं बोलणं बनवतेस, मी लोकांचे दात." बाई महोदय व्हायच्या, मग वकीलबाई व्हायच्या, मग नवऱ्याचाच चष्मा डोळ्यांवरून काढून साहेब व्हायच्या, आणि नवरा हसून हसून कानशील घासणीच्या धुळीने पांढरं करून घ्यायचा. गेल्या दोनतीन वर्षांत ते बंद पडलं होतं. घरी आल्यावर बाईंना कुणाचंच बोलणं नको वाटे. स्वतःचंही.

आता बाईंच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच घडलं. लघुलेखन म्हणजे बोलणं धावत असताना खुणांनी धरायचं आणि नंतर सावकाश टाइप करायचं. तीच ती भाषणं शेकडो वेळा ऐकल्यावर बाईंनी त्यांच्या घरगुती खुणा पाडल्या होत्या. अकरा आरोपींना दोन उभ्या काड्या. मुळात-जगाने-मान्य-केलंयला एक भोपळा. आणि हमीला छत्रीच्या मुठीसारखा बाक. महोदय हमीचं बोलू लागले की बाई छत्रीची मूठ काढत आणि हात खाली ठेवत. तेवढाच मनगटाला आराम. टाइप करताना त्या मुठीचा अख्खा परिच्छेद व्हायचा: मागणी करणाऱ्या सरकारने हमी दिली आहे की या माणसाला फाशी दिली जाणार नाही, ज्या गुन्ह्यासाठी नेत आहोत त्याशिवाय दुसरा खटला भरला जाणार नाही, आणि आमच्या वकिलातीचा माणूस त्याला तुरुंगात भेटू शकेल. हमीचा कागद मागाहून यायचा. कधी निकालाच्या आधी, कधी नंतर. यायचा मात्र.

ध्वनिमुद्रणाचं यंत्र मंजूर होऊन चार वर्षं झाली होती. त्याचं टेबल आलं होतं. त्यावर कक्षाचे कागद सांभाळणाऱ्या पेशकारांचा जेवणाचा डबा असायचा.

यावेळी पिंजऱ्यात एक वायरमन होता. पन्नाशीचा, बारीक, हाताच्या बोटांवर जुने भाजल्याचे डाग. त्याच्या गावात दंगल पेटली त्या दिवशी त्याने उपकेंद्रातून अख्ख्या गावाची वीज तोडली होती. हे तो स्वतःच सांगत होता. अंधारात तुरुंगाचं फाटक फुटलं, कैदी पळाले आणि तीन पहारेकरी मारले गेले. त्याचं सरकार म्हणत होतं, खुनाचा कट. तो म्हणत होता, तारा रस्त्यावर तुटून पडल्या होत्या, पोरं भाजून मेली असती, म्हणून खटका ओढला. महोदय म्हणाले, "महोदय, आसरा छळ होणाऱ्याला असतो, खुन्याला नसतो." वकीलबाई म्हणाल्या, "मुळात, खटका ओढणारा खुनी की नाही हे ठरायच्या आधीच तिथे फासाचं माप घेऊन ठेवलंय." दोघांचंही बरोबर होतं.

दोन वर्षं कोठडीत काढून वायरमन मोडकीतोडकी इथली भाषा शिकला होता. एकदा सुनावणी सुरू व्हायची होती, साहेब यायचे होते, तेव्हा तो वर बघत म्हणाला, "ताई, स्टार्टर गेलं."

"काय?"

"ट्यूबचं. डोळे जातील तुमचे. बदलायला सांगा."

बाईंनी पेशकारांना सांगितलं. पेशकार म्हणाले, "अर्ज द्या." बाईंनी अर्ज दिला.

युक्तिवाद संपले. बाईंनी नोंद टाइप केली, चौऱ्याण्णव पानं. महोदयांनी सही केली, वकीलबाईंनी सही केली, साहेबांनी सही केली. सह्या करताना तिघांपैकी कुणी पान उलटलं असेल तर ते वाऱ्याने.

मग एका बुधवारी दुपारी चारला साहेबांनी निकाल सांगायला बाईंना दालनात बोलावलं. साहेब बोलत होते, बाईंची पेन्सिल चालत होती. "नोंदीच्या पान एक्केचाळीसवर सरकार पक्षाने दिलेली हमी नमूद आहे. ती लक्षात घेता जिवाला धोका असल्याची अर्जदाराची भीती टिकत नाही. सबब, प्रत्यार्पणास परवानगी देण्यात येत आहे." साहेबांनी डोळे चोळले. "उद्या अकराला वाचतो. शुक्रवारी त्याला नेतील. टाइप करून ठेवा, बाई."

"हो साहेब," बाई म्हणाल्या. आणि त्यांना खोकला ऐकू आला.

दालनात कुणी खोकलं नव्हतं. तो त्या दिवशीचा खोकला होता. महोदय उभे राहिले होते, "आता प्रश्न राहिला हमीचा, महोदय," म्हणाले होते आणि त्यांना ठसका लागला होता. तीन कोरडे, एक ओला. पेशकारांनी पाण्याचा पेला दिला होता, साहेबांनी घड्याळ बघून "जेवून येऊ या" म्हटलं होतं. स्टेनो खोकला लिहीत नाही. पण चोवीस वर्षं बोलणं पिऊन तयार झालेला कान खोकलाही सोडत नाही.

बाईंनी कपाटातून ती वही काढली. समासात त्या वेळ लिहायच्या, सवयच होती. एक सत्तावीस, महोदय, आणि पुढे छत्रीची मूठ. एक अठ्ठावीस, जेवण. सव्वादोन, महोदय, कराराचं चौथं कलम. हमीचा परिच्छेद बोलायला अडीच मिनिटं लागत. त्यातले सगळे महोदय उपटून काढले तरी दीड. एका मिनिटात तो, खोकला आणि पाण्याचा पेला मावणं शक्य नव्हतं. ती हमी महोदयांनी दिलेलीच नव्हती. ती बाईंच्या हाताने दिली होती.

पेशकार डबा धुवून पुसत होते. सगळं ऐकून घेतलं आणि झाकण लावलं.

"बाई, तीन सह्या आहेत."

"वाचून केलेल्या नाहीत."

"म्हणजे तुम्ही आता तिघांना खोटं पाडणार? एका खोकल्यावरून?"

"वही आहे ना. वेळ आहे समासात."

"जेवून आल्यावर बोलले असतील."

"नाही बोलले."

"कशावरून?"

"मी होते तिथे."

"तुम्ही होतात म्हणूनच लिहिलंत ना?" पेशकार म्हणाले. पेशकारांनी आवाज आणखी खाली आणला. माणूस वाईट नव्हता, आवाज नेहमीच खाली होता त्याचा. "पाच वर्षं राहिलीत तुमची. सर्व्हिस बुक अजून कोरं आहे, लाल शाईचा एक ठिपका नाही. आणि वकीलबाईंनी त्या हमीवर अर्धा तास घालवला की! 'मुळात, ज्याच्या हातून वाचवायचं, त्याच्याच हातचा कागद?' हमी नव्हती तर त्या भांडल्या कशाशी?"

बाईंनाही तेच आठवत होतं. वकीलबाईसुद्धा न दिलेल्या हमीशी भांडल्या होत्या, कारण दरवेळी त्या तिथे हमीशी भांडत. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. सगळे आपापली पाठ केलेली जागा आली की उभे राहत होते, बाईंच्या पेन्सिलीसकट.

घरी नवरा खिडकीशी दिवस असेपर्यंत काम उरकत होता. "बरं झालं आलीस. शेड बघ. हे दात जास्त पांढरे वाटतात का? सत्तर वर्षांच्या बाईच्या तोंडात—"

"माझ्या हातून चूक झालीय."

त्याने कवळी खाली ठेवली नाही, पण घासणी थांबवली. बाईंनी सांगितलं. पूर्वी असं काही सांगताना त्या आवाज काढायच्या. आज सगळी माणसं एकाच आवाजात बोलली, थकलेल्या.

"केलंय का त्याने?" नवऱ्याने विचारलं.

"वीज तोडली म्हणतो."

"ते नव्हे. मारायला तोडली का?"

"मला काय माहीत? मी बोललेलं लिहिते."

"मग न बोललेलं कशाला लिहिलंस?"

तो तसा बोलून गेला, टोचायला नाही. पण बाई उठून आत गेल्या. थोड्या वेळाने तो दोन कप चहा घेऊन आला, एक त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "शेड राहू दे. उद्या उजेडात बघू."

बाई अर्ज लिहायला बसल्या. पहिला कागद 'मुळात'ने सुरू झाला, तो फाडला. दुसऱ्यात चौथ्याच ओळीत दोन महोदय आले. तिसऱ्यात त्यांनी लिहिलं की यात सर्वांचंच काही ना काही बरोबर आहे, आणि तो कागद त्यांनी चुरगाळून नवऱ्याच्या प्लास्टरच्या बादलीत टाकला. चोवीस वर्षांत त्यांनी स्वतःचं म्हणून एकही वाक्य लिहिलं नव्हतं. शेवटी दोन ओळी उरल्या. 'पान एक्केचाळीसवरचा हमीचा परिच्छेद वकील बोलले नाहीत. तो मी सवयीने लिहिला.' खाली सही.

सकाळी साडेदहाला साहेबांनी तो कागद वाचला. मग वही मागितली, समासावर बोट ठेवलं, एक सत्तावीस, एक अठ्ठावीस. बाईंना वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चोवीस वर्षांत असं किती वेळा झालं असेल, बाई?"

"माहीत नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पण डोळे चोळले नाहीत. "हा प्रश्न मी विचारला नाही."

"मी लिहिला नाही, साहेब."

अकराला कक्ष भरला. वायरमन पिंजऱ्यात उभा, पायांत नवे बूट, प्रवासासाठी दिलेले. साहेबांनी निकाल वाचला नाही. त्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, हमी आहे?"

"महोदय?"

"मागणी करणाऱ्या सरकारने तुम्हाला हमी दिली आहे का? हो की नाही?"

महोदयांनी फायली चाळल्या. खालची फाईल वर आणली, वरची खाली. "महोदय, तसं थेट विचाराल तर... म्हणजे आमच्याकडून पत्र गेलंय, महोदय. उत्तर आलेलं नाही."

"नोंदीत आहे की दिलीय. तुमची सही आहे."

"ती वाचून मलाही वाटलं, महोदय, की मी बोललो असेन," महोदय म्हणाले आणि त्यांचा चेहरा इतका खरा पडला की मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसलं.

"आणि आपण?" साहेब वकीलबाईंकडे वळले. "आपण तर अर्धा तास त्या हमीच्या चिंध्या केल्यात."

वकीलबाई उभ्या राहिल्या. "मु—" म्हणाल्या, थांबल्या आणि खाली बसल्या.

साहेबांनी महोदयांना तीन आठवडे दिले. लेखी हमी आणा. नाही आणलीत तर माणूस देता येणार नाही. बाईंना दुपारपर्यंत मेमो मिळाला. सर्व्हिस बुकात लाल शाई उतरली, आणि हे प्रकरण संपलं की आवक-जावक विभागात बदली. पेशकार स्वतः मेमो घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि बाईंची एक पेन्सिल उगाच टोक करून दिली.

त्या तीन आठवड्यांत बाई जेवणाच्या सुट्टीत बसून जुन्या वह्या तपासत होत्या. वह्या तीन वर्षांनी लगद्याला द्यायच्या असा नियम होता, त्यामुळे उरलेल्या दीड खणभर. प्रत्येक मूठ, तिच्या शेजारची वेळ, मागाहून आलेला कागद. सगळ्या जुळल्या. दीड खण जुळला. त्याआधीच्या एकवीस वर्षांचं काय, ते लगद्याला माहीत. नवऱ्याने एकदा विचारलं, "सापडलं काही?" बाई म्हणाल्या, "नाही." आणि जरा वेळाने, "सापडायला काही ठेवलेलं नाही."

शेवटच्या तारखेला उत्तर आलं होतं. महोदयांनी ते उभं राहून वाचलं, महोदय न म्हणता, कारण पत्रात नव्हते. आमच्या देशात या गुन्ह्याला जी शिक्षा आहे ती आहे. तिच्याबाबत परक्या सरकारला कसलंही वचन देण्याची आवश्यकता आम्हाला वाटत नाही. वाचून झाल्यावर ते बाईंकडे बघून हळूच म्हणाले, "लिहिलंत ना, बाई?"

"शब्द न शब्द," बाई म्हणाल्या. एकही खूण न वापरता लिहिल्याने मनगट कोपरापर्यंत ठणकत होतं.

साहेब बोलले ते थोडकं. हा माणूस दोषी आहे की निर्दोष, हे या कक्षाला ठरवता येत नाही. तीन पहारेकऱ्यांच्या घरच्यांनाही न्याय हवा आहे आणि त्यांना द्यायला या कक्षाजवळ काही नाही. पण जिथे फास तयार आहे आणि तो वापरणार नाही असं म्हणायलाही कुणी तयार नाही, तिथे माणूस पाठवता येत नाही. प्रत्यार्पणास नकार. आसऱ्याच्या अर्जाचा निर्णय लागेपर्यंत त्याने इथेच राहावं, दर सोमवारी हजेरी लावावी. "दोघांचंही—" साहेब म्हणाले, आणि पुढचं बाईंनी लिहिलं नाही, कारण पुढचं साहेब बोललेच नाहीत.

वकीलबाईंनी वायरमनला समजावून सांगितलं. त्याला कळायला वेळ लागला. मग तो पिंजऱ्याच्या कठड्यावर बसला आणि नव्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, मग पुन्हा सोडली. पान एक्केचाळीसबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवलं असतं तरी कसं सांगायचं, हे कुणाला सुचलं नसतं.

कक्ष रिकामा होत होता. बाई उशी पिशवीत घालत होत्या, पेन्सिली रबरबँडने बांधत होत्या. शिपायाबरोबर बाहेर जाताना वायरमन त्यांच्या टेबलापाशी थबकला आणि वर बघितलं. ट्यूबने डोळा मारला.

"ताई," तो कळवळून म्हणाला, "अजून तसंच?"

"अर्ज केलाय," बाई म्हणाल्या.

त्याने नाराजीने मान हलवली, आणि गेला. बाई पिशवी खांद्याला लावून एक मजला जिन्याने उतरल्या आणि दुसऱ्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत उभ्या राहिल्या. आवक-जावक तळमजल्यावर होतं. तिथे म्हणे कुणी फारसं बोलत नाही.